पाटाखालच्या पट्ट्या

१२ ऑगस्ट १९९१

साजिदासाठी केलेली बेअरिंगच्या चाकांची गाडी दोन दिवस चालली. आज दुपारी हबीबाने ती डोक्यावरून परत आणली आणि आमच्या कारखान्याच्या दारात ठेवली. चारही चाकांवर सूत इतकं घट्ट गुंडाळलं गेलं होतं की भरलेल्या कांड्याच वाटाव्यात. कात्रीने कापलं, मग ब्लेडने. आत गोळ्यांमध्येसुद्धा कापसाचा बारीक रुआं शिरलेला.

"लूमच्या शेडमंदी चाक चालत न्हाय, मी आधीच बोललो व्हतो," हे म्हणाले. हे आधी बोलले नव्हते. गाडी यांनीच बनवली होती.

ही वही मुळात पिकरच्या नोंदींची. पिकर म्हणजे मागावर धोट्याला ठोकर देणारा म्हशीच्या कातड्याचा ठोकळा. तो आम्ही बनवतो. कुठला किती दिवस टिकला ते मी लिहून ठेवते. आता मागच्या कोऱ्या पानांवर साजिदाच्या पाटाचं लिहीन.

हबीबाची मुलगी साजिदा अकरा वर्षं शेलार गावातल्या गुलाम हुसेनशेठच्या शेडमध्ये कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. पाटावर बसते आणि हातातल्या दोन लाकडी ठोकळ्यांनी जमीन मागे रेटत सरकते. आजवर तिचं कांडीमशीन मागांच्या रांगेतच होतं. हात लांबवला की कांडी देता यायची. शेठने आता मशीन नव्या खोलीत हलवलं आहे. मधे साठ फूट काँक्रीट. भरलेल्या कांड्या बाईने स्वतः आठ मागांवर पोचवायच्या. शेठ म्हणाला, दिवाळीपर्यंत बघतो, एक जरी लूम कांडीवाचून उभा राहिला तरी दुसरी बाई घेईन.

दिवसभर बसून करता येईल असं दुसरं काम तिला या गावात कुणी देणार नाही. चाक नाही तर नाही. घसरत गेलं पाहिजे.

१४ ऑगस्ट

पाटावर पंचेचाळीस किलो तांदळाची गोणी ठेवली. साजिदाचं वजन तेवढंच असेल. पाटाला दोरी, दोरीला स्प्रिंगचा काटा, आणि ओढत गेले. पाट हलायला जितका जोर लागतो तितका काट्यावर दिसतो.

नुसतं सागवान: एकोणीस किलो. पत्रा ठोकून: पंधरा, पण असा आवाज की शेजारची पुतळाबाई बघायला आली. शिवाय जमिनीवर काळ्या रेघा. नायलॉनची पट्टी: तेरा. टेफ्लॉनचा एक तुकडा यांच्या ओळखीच्या फिटरकडून मिळाला, तो बसवला तर सात. दोनदा मोजलं. सातच.

"आता आरटीओचं पासिंग करून घे," हे म्हणाले.

१६ ऑगस्ट

शुक्रवार, शेड बंद. गोणी रिक्षात घालून शेलारला नेली, कारण तिथली जमीन आमच्यापेक्षा खरबरीत आहे. हबीबा आणि मी दोघींनी मिळून ओढली. शेठ किल्ल्या द्यायला आला होता, तो दारातच थांबला.

"काय वहिनी, तांदूळ मोजायला माझीच शेड गावली?"

"आकडा बघतेय शेठ."

"बघा. पण गोणीला पगार मिळायचा न्हाय."

साजिदा भिंतीला टेकून बसली होती. गोणी दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली तेव्हा म्हणाली, "कमळाबाय, मी बसू का?"

मी म्हटलं, आधी आकडे येऊ देत.

टेफ्लॉन, शेलारच्या जमिनीवर: आठ. उत्तम. उद्या बसवते.

२६ ऑगस्ट

टेफ्लॉन संपलं. नऊ दिवसांत पट्टी झिजून स्क्रूची डोकी वर आली आणि त्यांनी जमिनीत दोन नाल्या पाडल्या. घसरायला याच्यासारखं दुसरं काही नाही, पण साबणासारखं उतरतं.

जे घसरतं ते टिकत नाही, जे टिकतं ते घसरत नाही. सगळ्यांच्या बाबतीत असं नसावं. शोधायला हवं.

४ सप्टेंबर

नायलॉनही गेलं. दमट हवेत ते पाणी पितं आणि फुगतं हे मला माहीत नव्हतं. स्क्रूच्या दोन्ही बाजूंनी जागा धरलेली, त्यामुळे पट्टी मधे पोट काढून बसली होती.

"बाळंत व्हायला आली बघा," साजिदा म्हणाली. कांडीवाल्या बाया हसल्या. ती विनोद करते तेव्हा चेहरा अजिबात हलू देत नाही.

तिच्या उजव्या तळहाताला फोड आलेत. म्हणाली, जुनेच आहेत.

९ सप्टेंबर

दापोड्याच्या एका गोदामातून पांढऱ्या प्लास्टिकचा जाड तख्ता आणला. कुठल्याशा मोडक्या मशीनचं अस्तर. हाताला मेणासारखं लागतं. करवत घाईने चालवली तर वितळून पात्याला धरतं, सावकाश कापावं लागतं. कुठलाही गोंद त्याला चिकटत नाही, रात्रभर दाबून ठेवला तरी सकाळी सोलून हातात येतो. स्क्रूच मारावे लागतील आणि डोकी खोल बुडवावी लागतील.

काटा: नऊ. मग दगडावर शंभर वेळा घासलं. ओरखडे आले, जाडी तेवढीच.

याच प्लास्टिकचे पिकर हल्ली बाजारात येतात. आमच्या चार गिऱ्हाइकांनी घेतले.

मग मला सुचलं की आपल्या कातड्याचं बघितलंच नाही. कोरडं कातडं एकवीस, ते अपेक्षितच होतं. पण कोरडा पिकर कोण वापरतं? पिकर आम्ही माशाच्या तेलात वर्षभर मुरवतो, तेव्हा तो गुळगुळीत आणि दमदार होतो. टाकीत गेल्या वर्षीचे पिकर पडूनच आहेत, मागणी नाही म्हणून. त्यातल्या दोन पिकरच्या पट्ट्या कापल्या.

सहा.

आकडा स्पष्ट आहे. सहा हा नवापेक्षा कमी. टिकायचं म्हणाल तर कातडं मिनिटाला शंभरावर ठोकर खातं. प्लास्टिकचा तख्ता माळ्यावर टाकला.

"त्याल लागंल," हे म्हणाले.

"मुरलेलं आहे. वर येणार नाही."

"दाब पडला की येतंय. चाळीस वर्षं बघतोय."

हे हल्ली आमच्या कातड्याबद्दल काही चांगलं बोलतच नाहीत.

११ सप्टेंबर

बसवलं. साठ फूट, अकरा रेट्यांत. मी मोजले. टेफ्लॉनवर चौदा लागत होते.

शेडमध्ये माग चालू असताना काही ऐकू येत नाही, सगळं हातांनी बोलायचं. पहिल्या मागावरच्या भय्याने दोन्ही हात पसरून विमान केलं. साजिदाने त्याला थांब असा हात दाखवला आणि पेटी रिकामी करून परत फिरली, जाताना वेग इतका की भिंतीशी ठोकळा टेकून थांबावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने बोटं नाकाशी नेली. "वास लय हाय, कमळाबाय."

"जाईल दोन दिवसांत."

"जाईल," ती म्हणाली.

आमच्या घरात वीस वर्षं हा वास आहे. अंबाडीहून माझी वहिनी येते ती अजूनही आमच्याकडे पाणी पीत नाही. बरोबर बाटली आणते. मी तिच्यासमोर तांब्या ठेवते, ती बघते, आम्ही दुसरं काहीतरी बोलतो.

२३ सप्टेंबर

एकही लूम उभा राहिला नाही. आज शेठने तिला 'शाब्बास' म्हटलं असं हबीबा सांगून गेली. शिरखुर्मा ठेवून गेली.

१ ऑक्टोबर

पट्ट्यांखाली रुआं बसतो. आज पाट उलटा केला तर खाली नमद्यासारखा थर जमलेला, काळसर. काटा अकरा दाखवायला लागला होता. थर चाकूने खरवडला, पट्ट्यांना वरून एक हात तेल दिलं. पुन्हा सहा.

दर आठवड्याला असं करावं लागेल. हरकत नाही. मागालाही रोज तेल देतातच.

९ ऑक्टोबर

गुलाम हुसेनशेठकडे व्यापाऱ्याने ताके परत पाठवले. पांढऱ्या कापडात आडव्या धाग्यावर पिवळट डाग, बोटाच्या पेराएवढे. आडवा धागा म्हणजे कांडीचा. हे तिथे पिकर द्यायला गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं.

शेठने सगळ्या कांडीवाल्यांना रांगेत बसवून सुनावलं म्हणे. "डोकी तेलानं चोपडून येता, मग त्याच हातानं कांडी धरता. ह्या काय लग्नाला चालल्या!"

हे सांगून झाल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत होते.

१० ऑक्टोबर

शेडमध्ये तेल कुठूनही येऊ शकतं. मशीनच्या चात्यांना तेल असतं. भय्ये लोक भजी खाऊन हात पुसत नाहीत. बायकांच्या केसांत तर असतंच, शेठ म्हणाला ते अगदीच चुकीचं नाही. साजिदा ठोकळे वापरते, तिचा हात जमिनीला लागत नाही. पाटाला लागतो का? वळताना ती कडेला धरते. पण पट्टी कडेपासून दोन इंच आत आहे.

१३ ऑक्टोबर

रविवार. टाकीतला एक पिकर काढला, पुसला, दोन तास बाहेर ठेवला. मग यांच्या पांढऱ्या रुमालावर ठेवून वर गोणी ठेवली.

रुमाल धुवायला टाकला.

१५ ऑक्टोबर

साजिदाला शेठने काढलं. डाग तिच्याच आठ मागांच्या ताक्यांवर आहेत. घडी करणारी मैना तिच्या जागी बसली.

आज दिवसभर पिकर शिवले. नऊ झाले.

१७ ऑक्टोबर

शेलारला जाऊन आले. हबीबा बाजारात गेली होती. साजिदा दारात उन्हाला बसली होती. तिचे केस मोकळे होते, भुरे, कोरडे, उन्हात तारांसारखे उभे. एवढे कोरडे केस मी तिचे कधी पाहिले नव्हते.

"चहा करू?" तिने विचारलं.

मी नको म्हटलं. तरी तिने केला. पाट उंबऱ्याशी उभा करून ठेवला होता, ती घरात हातांवरच सरकत होती. मी पट्ट्यांची चौकशी केली. म्हणाली, बऱ्या आहेत.

"शेठ ऐकेल ग," मी म्हटलं.

"काय ऐकेल?"

चहा संपवून उठले. रुमालाचं सांगायला गेले होते ते सांगितलं नाही. यापेक्षा जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

१८ ऑक्टोबर

सकाळीच गुलाम हुसेनशेठच्या घरी गेले. शुक्रवार असल्याने तो अंघोळ करून ओटीवर नखं कापत बसला होता. उठायला लागला, मी बसा म्हटलं. पिशवीतून पिकर काढला, धुतलेला रुमाल काढला. डाग धुऊन गेला नव्हता, मोठा झाला होता. पुढे आणखी काही सांगावं लागलं नाही. तीस वर्षं तो कापडाचे डाग बघतोय.

त्याने रुमाल उजेडाला धरला. "हेच."

"पट्ट्या मी बसवल्या. तेल मीच दिलं. तिच्या केसांचा काही संबंध नाही."

"तुमाला कधी कळलं, वहिनी?"

"रविवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

तो थोडा वेळ नखं कापत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "ती बोलली व्हती, केसाला तेल न्हाय. चार दिवस नुसत्या साबणानं धुवून येत व्हती. आणि मी मैनाला तिचं डोकं हुंगून बघायला लावलं. सगळ्यांच्या समोर."

मी रुमालाची घडी केली.

"मंगळवारी काढलं मी तिला," तो म्हणाला. "तुमी सोमवारी आला असता तर माझ्या हातून हे झालं नसतं."

मग त्याने सांगितलं ते असं: मैना परत घडीवर जाईल. साजिदाने सोमवारपासून यावं. बोली दिवाळीची होती, ती तशीच राहील, माग उभा राहता कामा नये. आणि तेलाचा थेंब जरी दिसला तरी माझं तोंड तो बघणार नाही.

केसांचं तो सगळ्यांसमोर तिला सांगेल का, हे मी विचारलं नाही. मला तो अधिकार नाही असं वाटलं.

तिथूनच साजिदाकडे गेले. या वेळी उभ्यानेच सांगून टाकलं. रविवार, रुमाल, सगळं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मना म्हायती व्हतं."

"काय माहीत होतं?"

"त्येल तुमचं हाय. पयल्या दिशी वास आला ना हाताला? डागाला पण तोच वास. मी ताका नाकाशी धरून बघितला."

"मग बोलली का नाहीस? शेठला सांगायचंस. मला सांगायचंस."

"तुमाला कसं सांगू? तुमी येवढं जीव लावून करताव. गोणी घेऊन रिक्षानं येताव." तिने केस मागे बांधले. "आणि तुमी रागावला, की मना दुसरं कोण करून देनार हाय?"

मी खाली बसले.

मग तीच म्हणाली, आणि हे बोलायला तिला जरा जोर करावा लागला, "गोणी पाटावर गप बसते, कमळाबाय. मी गप बसते का? मी रेटा मारते तवा पुढं वाकते. पाटाचं नाक खाली जातं, दर सांध्यात अडकतं. तुमच्या सगळ्या पट्ट्या अडकल्या. हे फोड त्याचेच."

जमिनीत दर दहा फुटांवर काँक्रीटचा सांधा आहे. साठ फुटांत पाच. मी शेडची जमीन दोन वेळा मोजली होती.

२० ऑक्टोबर

प्लास्टिकचा तख्ता काढायला माळ्यावर चढले. त्याच्यामागे खोकं होतं, दोरी सोडलेलं. आत प्लास्टिकचे पिकर, दोन डझन, नवे. वर चिठ्ठीवर जुलैची तारीख. म्हणजे हे माझ्याआधीच आणून मोजून बघत होते.

मी खोकं होतं तसं ठेवलं. खाली उतरले तेव्हा हे करवतीला धार लावत होते. दोघांनी मिळून तख्ता कापला, सावकाश.

दुपारी हबीबा साजिदाला घेऊन आली. पाटावर खडूची पूड पसरली आणि तिला बसवून रेटे मारायला लावले, मग उठवून पाहिलं कुठली पूड दबली. वजन मधे पडतच नव्हतं. पुढच्या दोन कोपऱ्यांवर पडत होतं, उजवीकडे जास्त.

"रुंद पट्टी नको," ती म्हणाली. "चिंचोळी द्या. रुआं बाजूनं निघून जाईल." मग माझ्याकडे बघून, "म्हंजे, जमलं तर."

यांनी पट्ट्यांची पुढची टोकं कानशीने गोल करून वर उचलली, होडीच्या नाळेसारखी. स्क्रू कडेने मारले, खालून एकही नाही. काटा नऊच दाखवतो. पण आमच्या दारातल्या सांध्यावरून जाताना तो हलत नाही.

२१ ऑक्टोबर

साठ फूट, तेरा रेटे. कातड्यापेक्षा दोन जास्त.

शेठ मशीनच्या खोलीत आला होता, बायांच्या समोर उभा राहिला. "तेल हिच्या केसांचं नव्हतं," एवढंच म्हणाला आणि गेला. माग चालू होते. किती जणींना ऐकू गेलं सांगता येत नाही.

साजिदाला विचारलं, पट्ट्या कशा आहेत? तिने 'ठीक' असा हात हलवला.

३ नोव्हेंबर

बारा दिवस. जाडी मोजली, केसभरही उतरलेली नाही. एकदा सहाव्या मागाजवळ कांड्या कमी पडत होत्या, पण तो थांबायच्या आत ती पोचली. भय्याने हात जोडून दाखवले.

परवा दिवाळी. शेठने निरोप पाठवला: राहू दे तिला. तेवढाच निरोप. मी हबीबाकडून दोनदा वदवून घेतला.

बाकी काही नाही. पिकरच्या टाकीतलं तेल काढून पिंपात भरलं. हे म्हणाले, टाकी विकून टाकू. मी बघू म्हटलं.

१४ नोव्हेंबर

यांच्याबरोबर शेलारला गेले होते. साजिदाने मला दारातून पाहिलं. मी नेहमीसारखी मान हलवून विचारलं, कसं काय? तिने थांबा, असा हात केला आणि आधी चार माग पुरे केले. मी थांबले. मग ती बाहेर आली, जिथे ऐकू येतं तिथे, आणि ठोकळे खाली ठेवले.

"डावीकडं वढतंय," ती म्हणाली. "आठ दिस झाले. मना परत्येक खेपेला सरळ करून घ्यावं लागतं. चांगलं न्हाय केलंत."

मी म्हटलं, खडूच्या वेळी उजवीकडे वजन जास्त होतं, म्हणून उजवी पट्टी मी जरा जाड ठेवली.

"कोनी सांगितलं जाड ठेवायला? मी बोलले का?"

"नाही."

"मग? आणि उद्या-परवा न्हाय हां. आत्ता करा. सुट्टी अर्धा तास हाय."

ती हातांवर बाजूला सरकली आणि पाट उलटा करून माझ्यापुढे टाकला. मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खाली बसून उजवी पट्टी सोडवायला लागले. ती शेजारी बसून भाकरी खात होती आणि मी कुठला स्क्रू आधी काढते ते बघत होती.